अंग वर बसलं, आता लघवी गळते : ४९, ४३ आणि २४चा हिशोब

४९.४ टक्के. अमेरिकेतल्या 'ओपस' नावाच्या चाचणीतला हा आकडा २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. चाचणीत ३३७ बायका होत्या. सगळ्यांचं अंग खाली आलेलं (प्रोलॅप्स), सगळ्यांचं ऑपरेशन योनीमार्गाने ठरलेलं, आणि खोकताना-शिंकताना लघवी गळण्याची तक्रार मात्र एकीचीही नव्हती. त्यांतल्या निम्म्या जणींना त्याच ऑपरेशनमध्ये मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी, म्हणजे स्लिंग, बसवली. उरलेल्यांना पट्टी न घालता नुसतेच छेद दिले, म्हणजे आपल्याला पट्टी आहे की नाही हे बाईला कळू नये. तीन महिन्यांनी पट्टी नसलेल्या गटातल्या ४९.४ टक्के बायकांना लघवीची गळती तरी होती किंवा त्यासाठी उपचार तरी सुरू झाले होते. पट्टीवाल्या गटात हेच प्रमाण २३.६ टक्के.

आधी कोरड्या असलेल्या दर दोघींमधली जवळजवळ एक! आणि ऑपरेशन तर व्यवस्थित झालेलं. स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत हा संवाद नवा नाही. डॉक्टर विचारतात, "काकू, आता हाताला खाली काही लागतं का?" काकू म्हणतात, "नाही हो, ते छान झालं. पण शिंक आली की लुगडं भिजतं. हे कुठलं नवीन लावून दिलंत?"

नवीन काही लावून दिलेलं नसतं. योनीची पुढची भिंत सैल होऊन खाली उतरते तेव्हा तिच्यावर टेकलेलं मूत्राशयही खाली येतं आणि मूत्रमार्गाला घडी पडते. सलाइनच्या नळीला घडी पडली की थेंब थांबतात, तसंच. अशा बायकांना ऑपरेशनआधी लघवी गळण्यापेक्षा ती न होण्याचाच जाच असतो. काहींना तर बोटाने फुगा वर ढकलल्याशिवाय लघवी होत नाही. घडीमागे मूत्रमार्गाचा झाकणस्नायू आधीच कमजोर झालेला असतो, पण घडीमुळे तो झाकला जातो. सर्जनने भिंत वर उचलली की घडी सरळ होते आणि ती कमजोरी उघडी पडते. बाईच्या दृष्टीने मात्र गळती ऑपरेशननंतर सुरू झाली, म्हणून ऑपरेशनमुळेच सुरू झाली. तिचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तेवढं तिला ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं होतं.

आता ४९ या आकड्याकडे जरा संशयाने पाहू. त्याच्या सहा वर्षं आधी, २००६ साली, 'केअर' नावाची दुसरी चाचणी याच नियतकालिकात आली होती. तिच्यात ३२२ बायका होत्या. त्यांनाही आधी गळती नव्हती, पण यांचं ऑपरेशन पोटातून, योनीचा वरचा भाग माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जाळीने टांगण्याचं. निम्म्यांना सोबत 'बर्च' ही जादा शस्त्रक्रिया केली. तिच्यात मूत्रमार्गाच्या बाजूच्या ऊती टाके घालून जघनास्थीमागच्या घट्ट पट्ट्याला वर बांधतात. तीन महिन्यांनी दाबाने, म्हणजे खोकताना-शिंकताना, होणारी गळती बर्च केलेल्यांत २३.८ टक्के, न केलेल्यांत ४४.१ टक्के. फरक इतका उघड होता की पहिल्याच मधल्या तपासणीनंतर नव्या बायका घेणं थांबवलं.

पण याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. 'गळती होते आणि तिचा मला त्रास होतो' असं म्हणणाऱ्या बायका बर्च न केलेल्या गटात २४.५ टक्के होत्या, केलेल्या गटात ६.१ टक्के. पहिल्या मोजणीत तक्रार, खोकून घेतलेल्या तपासणीत दिसलेली गळती किंवा घेतलेला उपचार, यांपैकी काहीही एक असलं की बाई मोजली जाते. दुसऱ्या मोजणीत बाईला स्वतःला जाच वाटला पाहिजे. ४४ आणि २४ यांच्यामधल्या वीसेक जणींना गळतीच्या नावाखाली मोजलं गेलं, पण त्यांचं रोजचं जगणं त्यामुळे अडलेलं नव्हतं. डॉक्टर जेव्हा म्हणतात "चाळीस टक्के बायकांना गळतं" किंवा "चौथ्या हिश्शाला गळतं", तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. मोजमाप कुठलं, हे विचारायचं काम पेशंटचं आणि तिच्या घरच्यांचं.

केअरमधली आणखी एक बाब सहसा सुटून जाते. लघवीची घाई होऊन संडासापर्यंत पोचण्याआधी होणारी गळती दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती : ३२.७ आणि ३८.४ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्रात टिकला नाही. बर्च असो की पट्टी, ती दाबाने होणाऱ्या गळतीचा बंदोबस्त करते. घाईची गळती हे मूत्राशयाच्या स्नायूचं वेगळं दुखणं आहे आणि त्याचे उपचारही वेगळे. ऑपरेशननंतर "लघवी गळते" एवढ्याच तक्रारीवर थेट पट्टी बसवायला निघणारा सर्जन हा फरक विसरलेला असतो.

तर मग सगळ्यांनाच पहिल्या ऑपरेशनमध्ये पट्टी का घालू नये? ओपसचे वर्षअखेरचे आकडे घ्या. पट्टीविना ४३.० टक्के, पट्टीसह २७.३ टक्के. मधल्या नऊ महिन्यांत काहींनी उपचार घेतले, ते यात आलेच. शंभर बायकांवर ढोबळ हिशोब मांडला तर ५७ जणी पट्टी न घालताही वर्षअखेर कोरड्या असत्या. २७ जणींना पट्टी घालूनही गळत राहिलं असतं. खरा फायदा मधल्या १६ जणींचा. चाचणीतला नेमका आकडा असा : एका बाईची गळती टाळायला ६.३ बायकांना पट्टी बसवावी लागते.

आणि बाकीच्यांना ती फुकट पडत नाही. पट्टीच्या गटात ६.७ टक्के बायकांच्या मूत्राशयाला ऑपरेशनमध्ये छिद्र पडलं, दुसऱ्या गटात एकीच्याही नाही. लघवीचा संसर्ग ३१.० विरुद्ध १८.३ टक्के. मोठा रक्तस्राव ३.१ विरुद्ध शून्य. सहा आठवड्यांनंतरही लघवी पूर्ण न होणं ३.७ विरुद्ध शून्य. यांतलं बरंचसं दुरुस्त होणारं आहे. मूत्राशयाला पडलेलं छिद्र ऑपरेशनमध्येच दुर्बिणीने दिसलं तर पट्टी काढून पुन्हा नीट बसवतात आणि नळी काही दिवस जास्त ठेवतात. तरीही जिला कधी गळालंच नसतं तिच्यासाठी हा निष्कारण भुर्दंड.

म्हणून प्रश्न येतो तो त्या १६ जणी आधी ओळखता येतील का, याचा. त्यासाठी एक साधी तपासणी आहे. मूत्राशय भरलेलं ठेवून, बाहेर आलेलं अंग आत ढकलून धरायचं आणि बाईला जोरात खोकायला सांगायचं. ओपसमध्ये ३३.५ टक्के बायकांची लघवी या तपासणीत गळली. अशा बायकांना पट्टी दिली नाही तर तीन महिन्यांनी ७१.९ टक्के जणींना गळती, पट्टी दिली तर २९.६. तपासणीत न गळलेल्यांचे आकडे ३८.१ आणि २०.६. म्हणजे तपासणी काहीतरी सांगते खरी. पण नीट पाहा, तपासणीत कोरड्या निघालेल्यांतही पट्टीविना शंभरातल्या अडतीस जणींना गळलंच, आणि वर्षअखेर तपासणीमुळे दिसणारा हा जादा फायदाही उरला नाही. शिवाय अंग कशाने आत धरलं यावरही निकाल बदलतो. केअरमध्ये अंग आत न ढकलता जेमतेम ३.७ टक्के बायकांची गळती दिसली होती. आत ढकलल्यावर मात्र पेसरीने, म्हणजे योनीत बसवायच्या रिंगने, ६ टक्के आणि स्पेक्युलमने ३० टक्के, इतका फरक पडला. एकच दुखणं आणि दोन हत्यारं, तर आकडा पाचपट!

२०१४ साली ओपसच्याच माहितीवर एक गणिती ठोकताळा तयार झाला. त्यात सात गोष्टी भरायच्या : वय, योनीमार्गाने झालेल्या बाळंतपणांची संख्या, वजन-उंचीचं गुणोत्तर, मधुमेह, घाईची गळती, वर सांगितलेली खोकल्याची तपासणी आणि पट्टी घालणार की नाही. नुसत्या नाणेफेकीला ०.५ गुण आणि बिनचूक भाकिताला १ गुण धरला, तर या ठोकताळ्याला ०.७३ मिळाले, तज्ज्ञ सर्जनांच्या अंदाजाला ०.६२ आणि एकट्या खोकल्याच्या तपासणीला ०.५४. तज्ज्ञांचा अंदाज नाणेफेकीपासून फार लांब नाही, हे वाचून कुणाला राग येईल, पण मला यात दिलासा वाटतो. "मला बघून कळतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा "नक्की सांगता येत नाही, दोन पर्याय आहेत" म्हणणारा सर्जन जास्त प्रामाणिक.

ज्यांना ऑपरेशनआधीच खोकताना गळत होतं त्यांचा हिशोब निराळा. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत अशा १३४ बायका होत्या. वर्षभरानंतर दाबाची गळती नसलेल्या बायका पट्टीसह ७८ टक्के, पट्टीविना ३९ टक्के. गंभीर गुंतागुंत मात्र १६ विरुद्ध ६ टक्के. आणि पट्टीविना ऑपरेशन झालेल्यांपैकी नंतर पट्टीसाठी पुन्हा टेबलावर गेल्या फक्त १७ टक्के. आधीच गळणाऱ्या बायकांतसुद्धा 'आधी अंग वर बसवू, पट्टीचं नंतर पाहू' हा मार्ग वेडेपणाचा नाही, एवढं या १७ वरून कळतं.

आपल्याकडची अडचण याच्याही आधी सुरू होते. ऑपरेशनआधी गळत होतं की नाही, याची नोंदच नसते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचं काहीतरी दुखणं निघालं, बाईमागे सरासरी ३.६ दुखणी. आणि यांतल्या फक्त ८ टक्के बायकांची त्याआधी कधी आतून तपासणी झालेली होती. आकडा जुना आहे, पण संकोच गेला असं कुणी म्हणणार नाही. अंग पार बाहेर येऊन चालताना घासायला लागलं की बाई दवाखान्यात येते, आणि तेव्हा लघवीचं कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही.

इथे आणखी एक घोळ होतो. प्रोलॅप्सच्या ऑपरेशनांत 'स्लिंग' हे नाव मुंबईत फार जुनं आहे. शिरोड्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांच्या नावाचं स्लिंगचं ऑपरेशन, पुरंदऱ्यांच्या नावाचं ऑपरेशन, ही तरुण बायकांची गर्भपिशवी न काढता ती वर टांगून ठेवण्यासाठी. मूत्रमार्गाखालची पट्टी ही वेगळी गोष्ट, ती १९९६ साली स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मांडली. "माझं स्लिंगचं झालंय" असं पेशंट सांगते तेव्हा कुठलं, हे जुना कागद पाहूनच ठरवावं.

ऑपरेशन होऊन गेलेल्या बाईसाठी पहिला महत्त्वाचा आकडा वॉर्डातच मिळतो. लघवीची नळी काढण्याआधी सिस्टर नळीतूनच ३०० मिली सलाइन मूत्राशयात सोडतात, नळी काढतात आणि बाईला लगेच मापाच्या भांड्यात लघवी करायला सांगतात. दोन तृतीयांश, म्हणजे २०० मिली बाहेर आली की पास. कमी आली तर आत साचतंय, आणि नळी पुन्हा काही दिवस घालावी लागते. घरी नळी घेऊन जायला बायका लाजतात, पण भरून वाहणारं मूत्राशय ताणलं गेलं तर ते पुढचे कित्येक आठवडे नीट आकुंचन पावत नाही. अशा वेळी जे थेंब-थेंब गळतं ते कमकुवतपणाचं नसून काठोकाठ भरल्याचं असतं. त्यावर आवळण्याचे व्यायाम दिले तर उलटंच व्हायचं. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर उरलेली लघवी १००-१५० मिलीच्या वर दिसली तर आधी तिकडे लक्ष द्यायचं.

गळती कधी, कशी, याची वही तीन दिवस ठेवली की अर्धं निदान होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची शिफारसही किमान तीन दिवसांची आहे. घरातलं एखादं जुनं मापाचं भांडं त्यासाठीच बाजूला काढायचं. समजा वहीत असं दिसलं : 'सकाळी ११.४०, भांडी घासताना नळाचा आवाज, एकदम घाई, वाटेत गळलं, भांड्यात ९० मिली.' ही घाईची गळती. 'दुपारी ४, बादली उचलली, दोन थेंब, घाई नाही.' ही दाबाची. दोन्ही असतील तर जी जास्त छळते तिच्यापासून सुरुवात. रोज प्यायचं पाणी दीड ते दोन लिटर ठेवावं. गळू नये म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवणाऱ्या बाईची लघवी गडद होते, मूत्राशय आणखी चिडतं आणि घाई वाढते.

दोन गोष्टींना वही लिहीत बसायचं नाही. दिवसरात्र, झोपेतसुद्धा, घाई नाही, खोकला नाही, तरी सतत ओलं राहत असेल तर मूत्राशय आणि योनी यांच्यात वाट पडली आहे का, हे लगेच पाहावं लागतं. आणि लघवी होतच नाही, ओटीपोट टम्म, किंवा ताप नि थंडी, तर त्याच दिवशी दवाखाना.

व्यायामाचे आकडे उमेद देणारे आहेत, पण ते कुणाचे हे पाहून घ्यावेत. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात दाबाची गळती असलेल्या बायकांपैकी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी गळती थांबल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांत ६ टक्के. या बायका सर्वसाधारण, प्रोलॅप्सचं ऑपरेशन झालेल्या नव्हेत. दुसरीकडे 'ऑप्टिमल' या २०१४च्या चाचणीत ३७४ बायकांचं प्रोलॅप्सचं ऑपरेशन आणि सोबत पट्टी, दोन्ही केलं. त्यांतल्या निम्म्यांना ऑपरेशनच्या आगेमागे हे व्यायाम शिकवले, तर सहा महिन्यांनी लघवीच्या तक्रारीत दोन गटांत फरक दिसला नाही. पट्टी आधीच बसलेली असल्यावर व्यायामाने आणखी भर पडली नाही, एवढाच याचा अर्थ. पट्टी नाही आणि शिंकताना गळतंय, अशा बाईने व्यायामाला नाही म्हणायचं कारण नाही. १९४८ साली आर्नल्ड केगल या डॉक्टरने मांडलेला हा उपाय बिनखर्ची आहे.

किती करायचा? नाइस म्हणते, एका वेळी निदान ८ वेळा आवळायचं, दिवसातून ३ वेळा, असं ३ महिने. म्हणजे दोन हजारांहून जास्त वेळा. आठवडाभर करून "काही फरक पडला नाही" म्हणणारीने सुमारे पावणेदोनशे वेळाच आवळलेलं असतं. आणि तेही बरोबर आवळलं असेल तर! पुष्कळ बायका श्वास रोखून पोट आत ओढतात किंवा मांड्या जुळवतात. आवळायचा तो वारा सरताना थांबवायला लागतो तो भाग, श्वास चालू ठेवून. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून बरोबर आवळतोय का, हे तपासून घ्यावं. खोकला येणार असं वाटलं की आधी आवळायचं आणि मग खोकायचं, ही एक सवय लावून घ्यावी. नळी असताना हे व्यायाम करायचे नाहीत. टाक्यांनंतर कधी सुरू करायचे ते सर्जन सांगतील.

वजनाचाही आकडा आहे. 'प्राइड' या २००९च्या चाचणीत ३३८ जाड बायका होत्या. ज्यांचं वजन सरासरी ८ टक्क्यांनी उतरलं त्यांची आठवड्यातली गळती ४७ टक्क्यांनी घटली. दुसऱ्या गटात वजन १.६ टक्क्यांनी उतरलं आणि गळती २८ टक्क्यांनी घटली. ७५ किलोच्या बाईला ८ टक्के म्हणजे सहा किलो. आवाक्यातलं आहे.

घाईच्या गळतीवर आधी किमान सहा आठवडे मूत्राशयाला वळण लावायचं : घाई आली की थोडं थांबायचं आणि दोन लघव्यांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. मग औषधं. टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन यांनी तोंड कोरडं पडतं, मलावरोध होतो, आणि नुकत्याच बसवलेल्या अंगाला कुंथणं मुळीच चालत नाही. मिराबेग्रॉनमध्ये हा त्रास कमी, रक्तदाब मात्र पाहावा लागतो. पाळी गेलेल्या बाईला योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचाही घाईवर उपयोग होतो.

हे सगळं करूनही दाबाची गळती जाच देत राहिली तर पट्टी. २०१०च्या 'टोमस' चाचणीत ५९७ बायकांत जघनास्थीमागून जाणारी आणि मांडीच्या बाजूने जाणारी, अशा दोन पट्ट्यांची तुलना केली. तपासणीनुसार यश ८०.८ आणि ७७.७ टक्के; बायकांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार ६२.२ आणि ५५.८. पुन्हा तेच, डॉक्टरचं माप आणि बाईचं माप. लघवी अडल्याने पुन्हा ऑपरेशन करावं लागलं ते पहिल्या प्रकारात २.७ टक्के, दुसऱ्यात शून्य. आणि कुठलाच उपाय कायमचा समजू नये. केअरमधल्या बायकांना सात वर्षं पाहिलं तेव्हा दाबाची गळती होण्याची शक्यता बर्च केलेल्यांत ०.६२ आणि न केलेल्यांत ०.७७ निघाली. वय आपलं काम करतंच.

'जाळीवर बंदी आली' हे वाक्य नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याचा खुलासा एवढाच. अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१९मध्ये विक्री थांबवली ती प्रोलॅप्ससाठी योनीमार्गाने बसवायच्या जाळीची, मूत्रमार्गाखालच्या पट्टीची नव्हे. ब्रिटनने मात्र जुलै २०१८मध्ये गळतीसाठीच्या पट्टीचाही वापर थांबवला. ज्या बाईला पट्टी बसली तिने डिस्चार्ज कार्डावर पट्टीचा प्रकार, कंपनी आणि बॅच नंबर लिहून घ्यावा, पाकिटावरचा स्टिकर मिळाला तर तोच चिकटवून घ्यावा. पुढे मांडीत दुखलं, शरीरसंबंधात टोचलं किंवा लघवीत रक्त आलं, तर समोरच्या नव्या डॉक्टरला पट्टी कुठून कुठे गेली आहे हे त्या कागदावरूनच कळणार.